सामाईक सर

जव्हारच्या एसटी स्टँडजवळ लॅपटॉपची बॅग अडकवलेला पोरगा दिसला की सर त्याला चहाला थांबवतात आणि पहिला घोट घ्यायच्या आत विचारतात, "तेच फंक्शन दोन फाइलींत चिकटवलंय ना?" पोरगा गप्प. "मग कॉपीपेस्ट कर, पोट भर!"

सर मूळचे मोखाड्याचे. जव्हारला पायथनचे क्लास घेतात. पोरांनी त्यांचं नाव ‘सामाईक सर’ ठेवलंय. त्यांच्या आळीत शिडी एकच, पक्कड एकच, दोन्ही सरांच्या ओट्यावर. लागेल त्याने मागून न्यावी. शेजाऱ्यांनी नवी शिडी आणली तेव्हा सरांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू बिचाऱ्यांनी वाटण्या मागितल्या.

वर्गातली उदाहरणंही घरचीच. एका फाइलीचं नाव जव्हार, दुसरीचं मोखाडा. जव्हारने मोखाड्याला इम्पोर्ट केलं आणि मोखाड्याने उलट जव्हारकडे फंक्शन मागितलं, की पायथन अडून बसतो, कारण जव्हार अजून अर्धाच वाचून झालेला असतो. "दोघांचं भांडण जिल्ह्यावर न्यायचं!" सर फळा वाजवतात. सामाईक फंक्शनं तिसऱ्या फाइलीत, तिचं नाव पालघर. दोघांनी तिथूनच मागायचं, पालघरने कुणाकडेच मागायचं नाही. आता पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ रोजी. सरांच्या त्याआधीच्या प्रोग्रॅमांत तीच फाइल ‘ठाणे’ नावाने आहे. नाव बदला म्हटलं तर उत्तर ठरलेलं: "राहू दे, कुणीतरी वापरत असेल."

या एका वाक्यापायी पालघर फाइलीचा माळा झालाय. क्लासची फी, मराठी महिने, दुधाचं बिल, सगळं त्यात. ‘हिशेब’ नावाची फंक्शनं तर दोन होती. पायथन अशा वेळी ब्र काढत नाही, खाली लिहिलेलं धरतो. एका पालकांना फीची पावती लिटरमध्ये मिळाली. सर म्हणाले, "आकडा तर बरोबर होता!"

पावसात लाईट गेली की सर जास्त खुलतात, कारण मग फक्त फळा उरतो. "ग्लोबल लिहिलं म्हणून जग आपलं होत नाही, ते त्या फाइलीपुरतंच. आणि पालघरमधून नुसतं ‘भाव’ हे नाव उचलून आणलंत, तर तिकडे भाव बदलला तरी तुम्ही जुन्याच भावाने विकत बसाल. दर वेळी ‘पालघर डॉट भाव’ असं विचारा." हे मात्र त्यांच्याइतकं सोपं करून सांगणारा मला दुसरा भेटला नाही.

त्यांच्या फाइलीतलं काही हवं असेल तर खुशाल न्या, सर नाही म्हणणार नाहीत. फक्त हवं त्याचं नाव घेऊन मागा. इम्पोर्टपुढे स्टार टाकून अख्खी फाइल उचललीत, तर दुधाचं बिलही तुमच्या घरी येईल.