हुप्प्या साहेबांस अनावृत अर्ज

प्रति,
मा. हुप्प्या साहेब,
टोळीप्रमुख, सातपुडा विभाग (यावल, रावेर, शिरपूर)

विषय : केळीच्या बागेतील आपल्या सहकुटुंब दौऱ्याबाबत.

महोदय,

निसवलेल्या बागेत आपण येऊन गेलात. खाल्लं थोडं, मोडलं फार. तक्रार लिहायची तर आरोपीची माहिती हवी, म्हणून आपली कुंडली काढली. ती अशी.

पहिली बाब पोटाची. आपलं पोट कप्प्याकप्प्यांचं. त्यातले जंतू पाला आंबवून पचवतात, म्हणून आम्ही तोंडही लावणार नाही असली कडू, जून पानं आपण निवांत रिचवता. लाल तोंडाच्या माकडाला गालात माल कोंबायला पिशव्या असतात. आपल्याला त्याही नाहीत. म्हणजे साठेबाजीचा आरोप आपल्यावर ठेवताच येत नाही. आमच्या बाजारपेठेत हा दाखला फार थोड्यांना मिळेल.

दुसरी बाब हद्दीची. तापीच्या उत्तरेकडचे आपले भाऊबंद चालताना शेपूट पाठीवरून डोक्याकडे वळवतात; दक्षिणेकडचे ते मागे झोकतात. तापी आणि पूर्वेला गोदावरी, अशी ही साधारण सीमा अभ्यासकांनी मांडली आहे. शिरपूरचं शेपूट पुढे, चाळीसगावचं मागे! ना मोजणी, ना तलाठी, ना तारखा. आमच्याकडे एका बांधावरून दोन पिढ्या कोर्टात जातात. आम्ही आखलेली दुसरी हद्द आपल्या जंगलाची : यावल अभयारण्य 1969 साली जाहीर झालं. कागदावर त्याची हद्द जागच्या जागी आहे, झाडं तेवढी आत सरकली.

तिसरी बाब कारभाराची. आपल्याकडे माद्या जन्मभर माहेरीच राहतात आणि वयात आलेले नर घर सोडून सड्या नरांच्या टोळक्यात हिंडतात. त्यातलाच एखादा चाल करून येतो, जुन्या हुप्प्याला हुसकतो आणि पुष्कळदा त्याची तान्ही पिल्लं मारतो, म्हणजे माद्या लवकर माजावर येतात. जपानी संशोधक सुगियामा यांनी 1960च्या दशकात धारवाडजवळ हे नोंदवलं. पुढे सारा हर्डी यांनी अबूच्या डोंगरावर अभ्यास करून त्याचं कारण मांडलं. विद्वान मंडळी हादरली. खानदेशी मतदार हादरला नसता. नवा गडी आला की जुन्याच्या योजनांचं काय होतं, हे तो दर निवडणुकीला पाहतो.

चौथी बाब मालमत्तेची. धाराशिव जिल्ह्यातल्या उपळा गावी 32 एकर जमीन वानरांच्या नावे असल्याचं 2022मध्ये बाहेर आलं. त्यांनी त्यावर ना पीककर्ज काढलं, ना कर्जमाफी मागितली.

आता आमची बाब. शनिवारी मनुदेवीच्या देवळाच्या वाटेवर गाडी थांबवून आम्ही आपल्याला केळी, बिस्किटं, फुटाणे चारतो, वर लेकरांसह फोटो काढतो. रविवारी तेच केळं आपण स्वतःच्या हातानं घेतलं की सुतळी बॉम्ब फोडतो आणि सोमवारी वनखात्याकडे पंचनाम्याचा अर्ज टाकतो. आमच्या हातातलं केळं प्रसाद आणि खोडावरचं केळं चोरी, हा कायदा आपल्याला समजावून सांगितला कोणी? काय खायचं ते पिल्लू आईकडे बघून शिकतं, आणि आई हल्ली चारचाकीच्या खिडकीकडे बघते. जळगावच्या केळीला 2016मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. सातपुड्यात तिची जाहिरात आम्हीच फुकट केली.

सबब विनंती अशी :

1. वाटेवर कुणी केळं पुढे केल्यास घेऊ नये. देणाऱ्याच्या पदरी पुण्य पडतं, घेणाऱ्याच्या पाठीत दगड.

2. डोंगरात वड, पिंपळ, चिंच पुरेशी उरली नसल्यास तसं कळवावं. रोपं मागण्याचा अर्ज आम्ही आमच्या सहीनं देऊ.

भरपाईचा दावा मात्र मागे घेत नाही. ‘नुकसान कोणामुळे’ या रकान्यात वानर असं लिहून झालं आहे. खाली एक ओळ मोकळी आहे, तिथे गावाचंही नाव घालू का?

कळावे, लोभ असावा.

आपला,
तापीकाठचा एक केळी बागायतदार