काका, पोराला नेऊ का?

मुलाची पत्रिका दाखवायला यावं तसे आमच्या सोसायटीतले आईबाप माझ्याकडे ट्रेलर दाखवायला येतात. ‘काका, याला नेऊ का?’ एवढाच प्रश्न असतो. मी लगेच उत्तर देत नाही. चष्मा काढतो, पुसतो, खिडकीतून बाहेर बघतो. आतून बायको म्हणते, ‘हो म्हणून टाका, भाजी आणायची राहिलीये.’ पण जाणकाराला असं पटकन बोलून चालत नाही. मी इराणी सिनेमे सबटायटल वाचत बघतो, ही बातमी एका गणपतीत मीच पसरवली होती. आता ती निभावणं आलं. त्यातल्या बहुतेक सिनेमांच्या शेवटी मला जागं करावं लागलं, हे मात्र घराबाहेर गेलेलं नाही.

मग मी कायद्यावर येतो. १९५२चा सिनेमॅटोग्राफ कायदा. आधी दाखले नुसते ‘यू’ आणि ‘ए’. १९८३मध्ये त्यांच्या जोडीला ‘यूए’ आणि ‘एस’ आले. हे ‘एस’ डॉक्टरांसारख्या खास लोकांसाठी, असं सांगताना माझा आवाज आपोआप खाली येतो, जणू त्या खास लोकांत मीही आहे. २०२३च्या दुरुस्तीत ‘यूए’चे तीन तुकडे झाले, ७+, १३+ आणि १६+. ‘ए’ असेल तर अठराच्या आतल्याला थेटरात घ्यायचंच नाही. ‘यूए’ मात्र पालकांना दिलेला नुसता सल्ला. इथवर आलो की समोरचे गृहस्थ घड्याळ बघतात आणि विचारतात, ‘ते सगळं ठीक आहे काका, पण तसले सीन आहेत का?’

माझी चिडचिड इथून सुरू होते. ‘त्यात माणसं किती मरतात?’ असं मला आजवर एकाही बापाने विचारलेलं नाही. कुऱ्हाडीने चाळीसजण आडवे झाले तरी ती ॲक्शन. नायिकेने नायकाच्या गालाला ओठ लावले की पोरगं बिघडलं.

अशा वेळी मला दादासाहेब फाळके आठवतात, आणि ते आठवले की मी आवरत नाही. नाशिककराने का आवरावं? माणूस त्र्यंबकेश्वरचा, पुढे कंपनी काढली नाशकात आणि देह ठेवला तोही इथेच. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. तर १९१३चा ‘राजा हरिश्चंद्र’. त्यात राणी तारामती सख्यांसह हौदात जलक्रीडा करते. म्हणजे ज्या ओल्या साडीवरून पुढे हिंदी सिनेमाने सेन्सॉर बोर्डाशी वर्षानुवर्षं हुज्जत घातली, ती आपल्या पहिल्याच कथापटात हजर! फक्त साडीच्या आत पुरुष. बायका सिनेमात काम करायला तयार होईनात, म्हणून हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. बाकीच्या सख्यांना मिशा काढायला सांगितलं तर त्या रुसल्या म्हणे. बाप जिवंत असताना मिशी कशी काढायची? तेव्हा सेन्सॉरचा कायदाच नव्हता, तो आला १९१८मध्ये. पण त्या वेळी मी असतो आणि शेजारच्याने विचारलं असतं, ‘काका, दादासाहेबांचा पिक्चर आलाय, पोराला नेऊ का?’ तर काय सांगितलं असतं? बाप बायको-मुलाला विकतो. मुलगा मरतो. स्मशानात बाप बायकोवरच तलवार उगारतो. आणि तो मुलगा झालाय दादासाहेबांचाच भालचंद्र. मी चष्मा पुसून ‘१६+’ म्हटलं असतं. दादासाहेबांनी मला विचारलं नसतं ते वेगळं. ‘कालिया मर्दन’मध्ये तर त्यांनी पोटच्या मंदाकिनीला कृष्ण करून नागाशी झुंजवलं.

लांब कशाला जा? पाहुण्यांची पोरं आली की तपोवनात नेऊन शूर्पणखेचं नाक कुठे कापलं ते आपण हौसेने दाखवतो. वर भेळ देतो.

मग गेल्या वर्षी फेब्रुवारीत ‘छावा’ आला. ‘यूए १६+’. मी चष्मा पुसून तयार होतो आणि मला कोणी विचारलंच नाही! आपल्या संभाजीराजांचा सिनेमा, त्यात विचारायचं काय? अख्ख्या सोसायटीने एकदम बुकिंग केलं, बालवाडीतल्यांसकट. बोर्डाने त्यातल्या शिव्या गाळल्या होत्या. साखळदंड, मीठ, तापलेल्या सळया जागेवर होत्या. माझ्या शेजारच्या खुर्चीत समोरच्या फ्लॅटमधली दुसरीतली मुलगी. तिच्या बाबांनी मागे एका कार्टूनमध्ये राजकन्येची पापी किती सेकंद आहे याची माझ्याकडे चौकशी केली होती. आता ते तिला पुढे करून म्हणत होते, ‘बघ, नीट बघ.’ ती बघत नव्हती. माझ्या बाहीत तोंड घालून तिने विचारलं, ‘त्यांना मुलगा होता?’

होता. शाहू. १६८९च्या त्या मार्चमध्ये तो सात वर्षांचाही झालेला नव्हता.

‘माझ्याएवढा? मग त्याला कोणी सांगितलं?’

मला १९५२ पाठ होतं, १९८३ पाठ होतं. हे ठाऊक नव्हतं. मला हा प्रश्न विचारणारी ती पहिलीच, आणि तिला पडद्यावर बघायला लावत होतो आम्ही.

हीच गोष्ट माझ्या आजीने मला सांगितली होती, तीही रात्री, दिवे गेलेले असताना. पण आजी माझ्या तोंडाकडे बघत सांगायची. ओठ थरथरला की राजांना तिथेच सोडून रायगडावर जायची, येसूबाईंकडे. उरलेलं पुढच्या वर्षी. डॉल्बीला कोणाचं तोंड दिसत नाही. ते ज्याने बघायचं तो बाप शेवटच्या प्रसंगाचं मोबाईलवर शूटिंग करत होता. मी तिला घेऊन बाहेर आलो, पॉपकॉर्न दिले. तिच्या बाबांना वाटलं, काकांना प्रोस्टेटचा त्रास आहे. मी खुलासा केला नाही.

तेव्हापासून माझ्या हुद्द्यावर ती आली आहे. कायदा-बियदा नाही, तिची एकच चाळणी: ‘यात बाबा मरतात का?’ मरत असतील तर नाही. या चाळणीतून ‘लायन किंग’ गळला, माझे आवडते इराणी सिनेमे गळले, आणि अमिताभच्या उमेदीतलं फार काही उरलं नाही. परवा मी धीर करून हरिश्चंद्र पुढे केला.

‘बाबा मरतात?’

‘नाही. मुलगा मरतो. पण शेवटी उठतो.’

‘आई?’

‘तिलाही काही होत नाही. पण आई म्हणजे एक काका असतात, मिशी काढलेले.’

तिने बराच विचार केला. चष्मा नसतानाही खिडकीबाहेर बघितलं. मग म्हणाली, ‘चालेल. पण तुम्ही झोपायचं नाही.’

ही बातमी तिला कोणी दिली, याचा मी बायकोकडे तपास करतो आहे.