भीती नवी, शंका जुनी

बंगळुरात एचएसआर लेआउटमध्ये राहायचं तर आकडे पाठ असावे लागतात. सेक्टर कितवा, मेन कितवा, क्रॉस कितवा, आणि हे सगळं सांगूनही रिक्षावाला विचारतो, "कशाच्या समोर?" कोथरूडात आयुष्य काढून उतारवयात मुलाकडे येऊन राहिलेल्या माणसाला हे जमायला वेळ लागतो. पण इथे सांगायचंय ते पत्त्याचं नव्हे, गाडीचं.

गाडी छोटी हवी यावर आमच्या घरात एकमत होतं. असं एकमत आमच्याकडे फार क्वचित होतं, म्हणून नोंदवून ठेवतो. त्याचं श्रेय आमच्या गल्लीला. दोन्ही कडांना गाड्या लावलेल्या. जिथे गाडी नाही तिथे घरमालकाने कुंड्या मांडून जागा धरलेली. कुंड्या नाहीत तिथे कुत्री झोपलेली. आणि उरलेल्या मधल्या पट्टीत पाण्याचा टँकर. या पट्टीतून जे जातं ते वाहन, बाकी सगळी शोभा. 10 ऑगस्ट 2025 ला पिवळ्या मेट्रोचं उद्घाटन झालं, सिल्क बोर्डला स्टेशन आलं, तेव्हा "आता गाडी कशाला?" असं मी विचारून पाहिलं. सून म्हणाली, "बाबा, स्टेशनपर्यंत जायला काय करायचं?" प्रश्न बिनतोड होता.

मतभेद पुढे सुरू झाले. नवी की जुनी?

मुलगा नव्या गाडीच्या बाजूने, कारण त्याने एक्सेल उघडलं होतं. सून जुन्या गाडीच्या बाजूने, कारण तिने त्याच एक्सेलमधला शेवटचा रकाना पाहिला होता. आमच्या सौभाग्यवतींचा मुद्दा आकड्यांच्या पलीकडचा. "घरातली पहिली गाडी, ती काय दुसऱ्याची उष्टी घ्यायची? आणि जुन्या गाडीचे पेढे वाटतात का?" या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला आजवर कुठल्याही शास्त्रात सापडलेलं नाही.

आधी नवीचं बघू. 22 सप्टेंबर 2025 ला, नेमकी घटस्थापनेला, छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आला. छोटी म्हणजे लांबीला चार मीटरच्या आत आणि पेट्रोलचं इंजिन 1200 सीसीपर्यंत. त्यामुळे शोरूममधल्या मुलाचा उत्साह देवीच्या आरतीसारखा चढता होता. त्याने आम्हाला कॉफी दिली, सौभाग्यवतींना 'अम्मा' म्हटलं आणि एक्स-शोरूम किंमत सांगितली. ही किंमत म्हणजे गाडी शोरूममध्येच ठेवायची असेल तर. रस्त्यावर आणायची असेल तर ऑन-रोड किंमत, आणि कर्नाटकात या दोन किमतींमधलं अंतर बरंच आहे. पाच ते दहा लाखांच्या गाडीवर इथला आजीव रस्ताकर 14 टक्के, वर त्या करावर उपकर. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला 11. ज्या रस्त्यांसाठी हा कर, त्यांच्याविषयी काही लिहीत नाही. संपादकांनी शब्दमर्यादा दिली आहे.

नव्या गाडीचं दुसरं दुखणं विम्याच्या कागदात असतं. विमा कंपन्यांचं घसाऱ्याचं कोष्टक सरळ आहे: गाडी सहा महिन्यांची होईपर्यंत 5 टक्के घट, वर्षापर्यंत 15, दोन वर्षांपर्यंत 20, मग 30, 40 आणि पाचव्या वर्षी 50. पाच वर्षांत गाडी निम्मी. सून म्हणाली, "म्हणजे पहिला मालक ही निम्मी किंमत भरतो आणि दुसरा मालक गाडी चालवतो." मुलगा एक्सेलकडे बघत राहिला.

यावर मी तोंड उघडलं, कारण आमच्या काळी गोष्ट बरोबर उलटी होती. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1940 मध्ये याच बंगळुरात विमानाचा कारखाना काढला, तो आजचा एचएएल. आणि 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट बाहेर पडायला लागली. पण परवान्यांच्या त्या राज्यात गाडीसाठी नाव नोंदवायचं आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. त्यामुळे ज्याचा नंबर लागला त्याची वापरलेली गाडी नव्यापेक्षा जास्त किमतीला जायची. नव्या गाडीला वेळ लागे, जुनीला पैसा. 14 डिसेंबर 1983 ला मारुती 800 ची पहिली किल्ली इंदिरा गांधींनी ग्राहकाच्या हातात ठेवली, तिथून हे गणित हळूहळू सुलट व्हायला लागलं. पुढे 10 जानेवारी 2008 ला रतन टाटांनी नॅनो दाखवली, लाखाची गाडी. तिची खरी स्पर्धा दुसऱ्या नव्या गाडीशी नव्हतीच, वापरलेल्या मारुतीशी होती. आणि लोकांनी वापरलेली मारुती घेतली. सगळ्यांत स्वस्त नवी गाडी चालवताना दिसण्यापेक्षा बऱ्यापैकी जुनी गाडी चालवताना दिसणं आपल्या लोकांना परवडतं. हे भाषण घरात कुणी पूर्ण ऐकलं नाही, म्हणून इथे दिलं.

जुनी घ्यायचं घाटत असल्याची बातमी पुण्याला पोहोचायला वेळ लागला नाही. भाच्याचा फोन आला. "मामा, माझी वॅगनार घेऊन टाक. घरचीच गाडी आहे." घरच्या गाडीचा मोह मोठा असतो. पण एमएच-12 पासिंगची गाडी बंगळुरात आणायची म्हणजे पुण्याच्या आरटीओकडून ना-हरकत दाखला काढायचा, इथे नव्याने नोंदणी करायची, गाडीच्या वयाप्रमाणे कर्नाटकाचा कर भरायचा आणि मग महाराष्ट्राकडे आधी भरलेल्या कराचा परतावा मागायचा. मोटार वाहन कायद्याचं 47 वं कलम बारा महिन्यांची सवड देतं. त्यापुढे परराज्यातला नंबर चालत नाही. शिवाय घरची गाडी घेतली की तिची घरघर कुणाला सांगायची? प्रत्येक खड्ड्यात भाच्याचं नाव निघालं असतं आणि दिवाळीला तो समोर बसला असता. नको म्हटलं.

मग सुरू झाल्या जाहिराती. 'फर्स्ट ओनर, डॉक्टर वापरत होते.' 'लेडी ड्रिव्हन.' 'फक्त रविवारी काढली.' या देशातल्या डॉक्टरांनी आणि बायकांनी मिळून इतक्या गाड्या इतक्या जपून वापरल्या असतील, तर मग बाकीच्या गाड्या गेल्या कुठे? एका विक्रेत्याने तर गाडी 'नव्यासारखी' आहे असं सांगितलं, आणि बोनेट उघडल्यावर आतून उंदराने कुरतडलेल्या वायरी निघाल्या. त्याचं नाव सांगत नाही. उंदीर मात्र नवा असावा.

या संशयाच्या खेळाला अर्थशास्त्रात मान आहे. जॉर्ज अकेरलॉफ या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने 1970 साली वापरलेल्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध छापला. त्याआधी तीन नियतकालिकांनी तो परत पाठवला होता. 2001 मध्ये अकेरलॉफला नोबेल मिळालं. मुद्दा एवढाच: गाडीत काय बिघडलंय ते विकणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला नाही. म्हणून घेणारा मधली किंमत सांगतो. त्या किमतीला चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही, तो गाडी काढून घेतो. बाजारात उरतात त्या उरलेल्या. आमच्या आळीतले एक सद्गृहस्थ हेच मंडईत आंब्यांबद्दल सांगायचे, पण त्यांना कुणी स्टॉकहोमला बोलावलं नाही.

यातून एक उपयोगी गोष्ट निघते. चांगली गाडी शोधू नये, विकण्याचं चांगलं कारण शोधावं. आणि त्या बाबतीत एचएसआर श्रीमंत आहे. इथे कुणी अमेरिकेला चाललेलं असतं, कुणाची स्टार्टअप बंद पडलेली असते, कुणाला दुसरं मूल झाल्याने मोठी गाडी हवी असते, तर कुणी घरून काम करायची परवानगी मिळवून हुबळीला परत निघालेलं असतं. गाडीत खोट नसताना गाडी विकणारे इतके लोक एका लेआउटात क्वचितच भेटतील. विमानाचं तिकीट दाखवणारा विक्रेता मला डॉक्टरपेक्षा विश्वासार्ह वाटतो.

तरी गाडी उघडून बघावी लागतेच. बोम्मनहळ्ळीचे एक मेकॅनिक यासाठी शंभराच्या काही नोटा घेतात आणि फारसं बोलत नाहीत. पहिल्या गाडीत बसल्याबरोबर त्यांनी सीटबेल्ट ओढला, पार शेवटपर्यंत. बेल्टच्या टोकाला मातकट रेघ होती. मग स्टेपनीचं झाकण उचलून बोट फिरवलं, सीटखालच्या पट्ट्यांवरचा गंज पाहिला आणि म्हणाले, "बेडा, सर." म्हणजे नको. सप्टेंबर 2022 च्या पावसात बेळ्ळंदूर, सर्जापूर रस्ता आणि आउटर रिंग रोडच्या बाजूला तळघरांमधल्या गाड्या बुडाल्या होत्या. त्या गाड्या धुतल्या गेल्या, वाळल्या, पॉलिश झाल्या. पण सीटबेल्टचं गुंडाळलेलं टोक कुणी धूत नाही.

दुसऱ्या गाडीचं मीटर तीस हजार किलोमीटर दाखवत होतं. मी खूश झालो, ते झाले नाहीत. त्यांनी क्लच दाबून सोडला, गाडी उचलली आणि मान हलवली. तेव्हा मुलाचं एक्सेल प्रथमच कामाला आलं. टॉमटॉम या कंपनीच्या पाहणीत 2022 साली बंगळूरच्या मध्यभागात दहा किलोमीटर जायला सरासरी 29 मिनिटं 10 सेकंद लागत. म्हणजे या शहरातले तीस हजार किलोमीटर हे साडेचौदाशे तासांच्या आसपास जातात. तेच अंतर महामार्गावर ताशी ऐंशीने पावणेचारशे तासांत होतं. मीटर एकच आकडा दाखवतं, इंजिन मात्र इथे जवळजवळ चौपट वेळ चाललेलं असतं, त्यातही बरंचसं पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये, अर्ध्या क्लचवर. पुण्याला आपण गाडी बघताना पहिला प्रश्न विचारतो, "अ‍ॅव्हरेज किती देते?" बंगळुरात विचारावं, "क्लचप्लेट कधी बदलली?"

हे सगळं चाललेलं असताना खंडेनवमी आली, इथली आयुधपूजा. म्हैसूर रस्त्यावरच्या गाळी आंजनेयाला नव्या गाड्या पूजेला नेतात. आमच्या गल्लीतही प्रत्येक गाडीला केळीचे खुंट बांधले होते आणि कुंकू भरलेले कोहळे रस्त्यावर फुटले होते. समोरच्या घरात दोन दिवसांपूर्वीच नवी गाडी आली होती. तिथले गृहस्थ तिच्याभोवती फिरत होते. कुत्र्याला हाकलत होते, झाडाकडे संशयाने बघत होते, टँकरवाल्याला हात दाखवत होते. रात्री गाडीवर कापड, कापडावर वीट. आठवड्याने एका डिलिव्हरीच्या दुचाकीने त्यांच्या डाव्या दारावर वीतभर ओरखडा काढला, आणि त्यानंतर तो माणूस हसायला लागला.

माझा निर्णय तिथे झाला. नव्या गाडीबरोबर भीती येते, जुन्या गाडीबरोबर शंका. शंका मेकॅनिक काही शे रुपयांत फेडून देतो. भीती फेडायला पहिला ओरखडा यावा लागतो, आणि तो येईपर्यंत गाडी आपल्याला चालवत असते. आमच्या गल्लीत तो यायचा म्हणजे यायचाच. मग तो आधीच्या मालकाच्या खर्चाने आलेला काय वाईट?

शेवटी जी घेतली ती पाच वर्षांची, केए-51 पासिंगची. मालक कॅनडाला निघालेला, तिकीट मी स्वतः पाहिलं. मागच्या डाव्या बाजूला जुन्या पुस्तकातल्या दुसऱ्याच्या पेन्सिलखुणेसारखा एक ओरखडा आहे. कुठल्या वळणावर जपायचं ते त्यावरून कळतं. मेकॅनिकनी सीटबेल्ट ओढला, क्लच दाबला, ऑइलचं झाकण उघडून बघितलं आणि म्हणाले, "परवागिल्ला." म्हणजे चालेल. कानडीत गाडीची याहून मोठी स्तुती मी ऐकलेली नाही. सौभाग्यवतींनी पेढे वाटले. नवी गाडी की जुनी, असं ज्यांनी विचारलं त्यांना त्यांनी दुसरा पेढा दिला नाही.

तुम्हीही बघत असाल तर शहरासाठी वापरलेली घ्या, पण त्याच राज्याच्या पासिंगची. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरल्याशिवाय पैसे देऊ नका. विमा चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्या. आधीच्या मालकाचा नो-क्लेम बोनस त्याच्याबरोबर जातो, तो गाडीबरोबर मिळत नाही. आणि विकणारे तुम्ही असाल, तर आरसीवरचं आपलं नाव उतरलंय ना, ते विमानात बसण्याआधी तपासा.