अठरा पूर्ण, आता निघा

घरातलं पोर अठराचं झालं की आपण केक कापतो आणि दुसऱ्या दिवशी त्याचा डबा पुन्हा आईच भरते. बालगृहातल्या पोराच्या फाइलवर मात्र अठराव्या वाढदिवसाला 'वय पूर्ण' असा शेरा पडतो आणि त्याचा पलंग दुसऱ्याला लागतो. एक बॅग, गुणपत्रिका, आधार कार्ड आणि कोणी वेळेवर धावपळ केली असेल तर अनाथ प्रमाणपत्र, एवढ्या सामानावर त्याने संसार मांडायचा.

असा एक मुलगा माझ्या ओळखीचा आहे. त्याच्यासाठी पुण्यात कॉट बेसिसवर जागा शोधत आम्ही दोघं दोन रविवार फिरलो. घरमालकीणबाई वाईट नव्हत्या, पण त्यांचे प्रश्न ठरलेले होते. गाव कुठलं? वडील काय करतात? दिवाळीत मेस बंद असते, तेव्हा घरी जाणार ना? पोरगा तिन्ही प्रश्नांना गप्प. मग फॉर्म आला. 'पालकांचे नाव व मोबाइल' या रकान्यावर त्याने पेन टेकवलं, ते तसंच राहिलं. शेवटी मी माझा नंबर लिहिला आणि नात्याच्या जागी 'काका' लिहिलं. खोली मिळाली. संध्याकाळी त्याचा फोन आला : काका, गॅसचा रेग्युलेटर कसा बसवतात? बालगृहाच्या स्वयंपाकघरात मुलांना जायला मनाई होती. इतकी वर्षं घंटा वाजली की ताट समोर यायचं. मिठाच्या पुडीची किंमत त्याला त्या आठवड्यात कळली.

हे पोर आळशी नाही, बावळटही नाही. आपण त्याला सांभाळलं, पण एकट्याने राहायला कधी शिकवलं नाही. आणि शिकवायची वेळ आली तेव्हा बाहेर काढलं.

कायदा काय म्हणतो? 2015 च्या बाल न्याय कायद्यात अनुरक्षणाची, म्हणजे अठरानंतर एकवीसपर्यंतच्या आधाराची तरतूद आहे. पण संस्थेतून बाहेर पडणाऱ्याला आर्थिक मदत 'देता येईल', असं कलम 46 म्हणतं. 'दिलीच पाहिजे' असं म्हणत नाही. या एका क्रियापदाच्या फटीतून पोरं रस्त्यावर येतात. 2016 चे आदर्श नियम जास्त शहाणे आहेत. त्यांत सहा ते आठ तरुणांनी वस्तीत एकत्र राहायचं घर आहे, शिकेपर्यंत विद्यावेतन आहे, पाठीशी समुपदेशक आहे, अपवादात्मक स्थितीत एकवीसनंतर आणखी दोन वर्षं आहेत. नेमकं हेच हवं आहे. पुन्हा शंभर खाटांची इमारत आणि गेटवर वॉचमन नको. साधा तीन खोल्यांचा फ्लॅट हवा, जिथे भाजी कोणी आणायची यावरून भांडणं होतील आणि लाइट बिल आपणच भरायचं असतं हे कळेल. भाडेकरार पोराच्या नावाने मागू नका, तो जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाच्या नावाने करा. मग पालकांचा रकाना रिकामा राहणार नाही. इतकी वर्षं पालक सरकारच होतं ना?

केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतून अनुरक्षणासाठी महिना 4,000 रुपये ठरले आहेत. पुण्या-मुंबईत कॉट आणि दोन वेळची मेस एवढं धरलं तरी ते पुरत नाहीत, डिपॉझिट तर लांबच. कोविडमध्ये आईवडील गमावलेल्या मुलांना केंद्राने तेवीस वर्षांपर्यंत हात दिला आणि तेविसाव्या वर्षी 10 लाख रुपये देऊ केले. योग्यच केलं. पण आई बाळंतपणात गेली, बाप क्षयाने गेला, त्या पोराचं दुःख स्वस्त कसं? अठराव्या वर्षी माणूस स्वतःच्या पायावर उभा राहत नाही, हे सरकारला कळतं. ते सगळ्यांच्या बाबतीत कळायला हवं.

महाराष्ट्राने 2018 मध्ये अनाथांना शिक्षणात आणि सरकारी नोकरीत एक टक्का आरक्षण दिलं, ही अभिमानाची गोष्ट. पण स्पर्धा परीक्षेला बसायचं तर दोन-तीन वर्षं डोक्यावर छप्पर लागतं. अभ्यासिकेच्या टेबलावर डोकं टेकून झोपणाऱ्याला ती राखीव जागा मिळणार कधी?

मुलींचं तर वेगळंच. अठरा जवळ आली की काही ठिकाणी स्थळं बघायला घेतात. लग्न म्हणजे निवाऱ्याची सोय, असा हिशेब. नर्सिंगला जायचं म्हणणारी मुलगी बोहल्यावर चढते, कारण दुसरं दार उघडं नसतं. ही सोय नव्हे. जबाबदारी झटकणं आहे, आणि त्याला दुसरा शब्द मी वापरणार नाही.

सरकारने नियमातली ती सहा-आठ जणांची घरं प्रत्येक जिल्ह्यात सुरू करावीत. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. आणि तुमच्याकडे एखादी खोली भाड्याने द्यायची असेल, तर जवळच्या बालगृहात जाऊन यंदा कोण अठराचं होतंय ते विचारा. फॉर्मवर पालकांचं नाव नसलेल्या पोराला ती द्या. दिवाळीत त्याला फराळाला बोलवा, कारण तेव्हा मेस बंद असते.