मूळ कलाकृतीचे राखणदार

२०१७ साली स्पायडरमॅनच्या चित्रपटात झेंडाया ‘एमजे’ म्हणून झळकली आणि कॉमिक्सचे कट्टर भक्त खवळले. कॉमिक्समधली एमजे म्हणजे मेरी जेन, तिचे केस लाल, कातडी गोरी. ही सावळी पोर कुठून आणली? मूळ कलाकृतीशी केवढी ही बेइमानी! त्याच वर्षी लातूरच्या रितेश देशमुखांची निर्मिती असलेला ‘फास्टर फेणे’ आला. भा. रा. भागवतांचा शाळकरी बनेश त्यात थेट मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला निघाला. लातूर पॅटर्नच्या मुलखात ही बढतीच म्हणायची. वय बदललं, इयत्ता बदलली, काळ बदलला. फारशी कुणाची झोप उडाली नाही.

रंगही बदललेला चालतो, फक्त उजळ झाला पाहिजे. द्रौपदीचं एक नाव कृष्णा, तेही वर्णावरूनच. पडद्यावर ती बिनबोभाट गोरी होते. काळ्या कृष्णाला कॅलेंडरवाल्यांनी निळा केला, अमर चित्र कथेनेही तोच रंग ठेवला. निळा माणूस नांदेडात काय, न्यूयॉर्कातही कुणी पाहिलेला नाही. तरी काळ्यापेक्षा तो बरा वाटला. आमच्याकडच्या दिंड्या ज्याच्याकडे जातात तो पंढरीचा विठोबा तेवढा मेकअपवाल्यांच्या तावडीतून सुटला.

कळस केला तो ‘रंग माझा वेगळा’ने. २०१९ला स्टार प्रवाहवर सुरू झालेली ही मालिका सावळ्या रंगापायी हिणवल्या जाणाऱ्या दीपाची. दीपा झाल्या रेश्मा शिंदे, मेकअपने सावळ्या करून. गोष्ट सावळ्या मुलीची हवी, सावळी मुलगी मात्र नको!

यावर म्हणतील, अभिनय बघा, रंग काय बघता? मान्य. मग अभिनयाचा शोध दरवेळी गोऱ्या चेहऱ्यापाशीच कसा थांबतो? म्हणतील, प्रेक्षकाला तसंच लागतं. ‘फँड्री’तल्या जब्याला, सोमनाथ अवघडेला, कुणी रंग फासला नव्हता, राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. एक आक्षेप मात्र खरंच वजनदार आहे: झेंडायाला सूट देता, तर दीपाच्या वेळी का कुरकुरता? कारण लाल केसांवाचून मेरी जेनच्या कथेचं काही अडत नाही. त्या केसांपायी तिला कुणी स्थळ नाकारलेलं नाही की घरात टोमणे मारलेले नाहीत. दीपाचा रंग काढला तर कथेत उरतं काय? जिथे रंग हीच गोष्ट, तिथे तो डबीतून आणायचा, आणि जिथे रंग नुसता तपशील, तिथे निष्ठेच्या आणाभाका घ्यायच्या, असा हा न्याय.

निर्मात्यांना धर्म-नीती सांगून उपयोग नसतो, म्हणून हिशेबाचं बोलू. पुढच्या दीपासाठी निवड चाचणी मे महिन्यात नांदेडला किंवा लातूरला ठेवा. रंगाचा खर्च तरी वाचेल.