मुरू दे

खारं वारं आणि चार महिन्यांचा पाऊस एवढं असलं की कोकणात नटबोल्ट सुखाने राहू शकत नाहीत. गेटची बिजागरी, सायकलचं पेडल, विहिरीवरचा पंप, सगळं एकदा आवळलं की आवळलं. म्हणूनच रत्नागिरीकडे प्रत्येक आळीत एक नाना असतात. कुठे त्यांना अण्णा म्हणतात, कुठे भाऊ. ओळखायची खूण एकच: शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी ऑइल भरलेली इंजेक्शनची सिरिंज.

लोक नानांना नट सोडवायला बोलावतात. नाना येतात तेल मुरवायला. हा फरक यजमानाच्या लक्षात दुसऱ्या दिवशी येतो.

आल्यावर ते पाना काढतच नाहीत. आधी तारेचा ब्रश मागतात आणि आटे दिसेपर्यंत बोल्ट घासतात. मग चार थेंब सोडतात, हातोडीने हलक्या टिचक्या मारतात ("तेलाला वाट मिळते") आणि चहा मागतात.

"मग आता?"

"आता काय? मुरू दे."

"किती वेळ?"

"गंजायला सात पावसाळे घेतलेन त्याने. एक रात्र द्यायला तुमचं काय जातंय?"

शास्त्र त्यांच्याच बाजूचं आहे, हीच खरी पंचाईत. लोखंडाचा गंज झाला की त्याला मूळच्या दुपटीहून जास्त जागा लागते, आणि आट्यांत तर जागा नसतेच. नट जाम होतो तो असा. त्यावर जोर केला तर डोकं गोल होतं, नाहीतर बोल्ट तुटतो. पातळ तेल मात्र केसाएवढ्या फटीतूनही आत सरकतं, वेळप्रसंगी चढानेसुद्धा.

कुठलं तेल, हा प्रश्न मात्र नानांना विचारू नये. रेशनचं निळं रॉकेल मिळेनासं झालं, त्या दुःखापासून ते सुरुवात करतात. मुंबईच्या भाच्याने डब्ल्यूडी-४० चा डबा आणून दिला, तर नानांनी त्यालाच ऐकवलं, "अमेरिकेत सॅन डिएगोला १९५३ साली केलेलं हे. पाणी हटवायला! चाळीसाव्या खेपेला जमलं म्हणून नावात चाळीस. अॅटलस क्षेपणास्त्राला गंज चढू नये म्हणून लावायचे. इथे चढून बसलाय, त्याचं काय?" त्यांचा स्वतःचा काढा वेगळा: अर्धं ऑटोमॅटिक गिअरचं ऑइल, अर्धं अॅसिटोन. दोन्ही एकजीव होत नाहीत, म्हणून दर वेळी बाटली हलवायची. अॅसिटोन कुठून येतं, हे सूनबाईंना नखं रंगवायच्या दिवशी कळतं.

नानांचा खरा वैरी गंज नव्हे, गॅरेजवाला पोरगा. तो गॅसची ज्योत लावून नट लाल करतो आणि दोन मिनिटांत काढून हातात देतो. नाना तोंड फिरवतात. तापवण्याला त्यांचा विरोध नाही. तापल्या नटाला मेणबत्ती टेकवून मेण आत ओढून घ्यायची युक्ती त्यांनीच आळीला शिकवली. पण दोन मिनिटांत? त्यात गप्पा कधी मारायच्या?

तिसऱ्या दिवशी कधीतरी पाना निघतो. तोही रिंग पाना. फिक्स पान्याने कोपरे खाल्ले जातात. आणि नाना नट आधी आवळतात! यजमान ओरडतो. नाना शांत. किंचित आवळायचा, मग सोडायचा, पुन्हा थेंब, पुन्हा आवळायचा. 'कट्' असा आवाज आला की नाना हसतात. पण नट मोकळा फिरायला लागला की चेहरा उतरतो, काम संपलं ना.

गेल्या मे महिन्यात शेजारच्या पंपाचे आठ बोल्ट नानांनी मुरत घातले. घरात पाणी नाही, पाहुणे आलेले. चौथ्या दिवशी यजमानाने नवा पंप आणला आणि जुना भंगारात काढला. भंगारवाला तो काट्यावर चढवतोय तोच नाना सिरिंज घेऊन धावत आले. "थांब रे! अजून तीन राहिलेत."

भंगारवाल्याने पंपावरून बोट फिरवलं, हुंगून बघितलं आणि यजमानाला म्हणाला, "तेल वजनात धरणार नाही हां."