गिनीपिगाचं बाळंतपण : घरातल्या मोठ्यांसाठी मार्गदर्शिका

गिनीपिगाच्या नवजात पिलाची काळजी घेण्याची पहिली पायरी म्हणजे घरातली आजी, आत्या आणि शेजारच्या काकू यांना मानाने चहा देऊन दुसऱ्या खोलीत बसवणं. यात त्यांचा अनादर नाही. बाळंतपणाचं त्यांचं ज्ञान अफाट आहे, पण ते सगळं माणसाच्या बाळावर बेतलेलं आहे, आणि माणसाचं बाळ अर्धकच्चं जन्माला येतं. गिनीपिगाचं तसं नाही. उंदराची मादी तीन आठवड्यांत विते आणि उघडी, डोळे मिटलेली पिलं जगाच्या हवाली करते. तिच्याच मोठ्या कुळातली ही मादी मात्र 59 ते 72 दिवस गर्भ वागवते. त्यामुळे पिलू येतं ते अंगभर केस, उघडे डोळे आणि तोंडात दात घेऊनच. दुधाचे दात पाडायचं कामही त्याने पोटातच उरकलेलं असतं. काही तासांत ते पळतं, एक-दोन दिवसांत गवत कुरतडतं. एवढी तयारी ज्या देहात झाली तो देह आईचा, आणि त्याची किंमतही तिनेच मोजलेली असते. म्हणून या मार्गदर्शिकेचं म्हणणं असं, की नाजूक म्हणायचंच असेल तर आईला म्हणावं, आणि या दोघांना सर्वांत मोठा धोका घरच्यांच्या मायेचा आहे.

मायेचा पहिला हल्ला शेक-शेगडीच्या रूपाने होतो. ओव्याची धुरी, उबदार दुपटं, खिडक्या बंद. हा प्राणी मूळचा अँडीज पर्वताचा, तिथल्या थंड उंचीवरच्या घरांत हजारो वर्षांपासून पाळला गेलेला. त्याला 18 ते 24 अंश तापमान मानवतं आणि पारा तिशीकडे सरकला की उष्माघाताची भीती सुरू होते. गाभण मादीला तर आधी. आपल्या बुलडाणा जिल्ह्यात हा प्रश्न भूगोलाने सोडवून ठेवला आहे, तोही अर्धाच. घाटावर, म्हणजे बुलडाणा-चिखलीकडे, रात्री तरी दम खाता येतो. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगावला मे महिन्यात चाळिशी ओलांडलेल्या पाऱ्यात शेगडी पेटवायचा विचार ज्याला सुचेल त्याने आधी स्वतः तिच्याजवळ बसून पाहावं. धुरीचंही तसंच. या प्राण्याची फुप्फुसं अशी, की साध्या धुराधुळीनेही न्यूमोनियाची वाट मोकळी होते. त्यापेक्षा फुटका माठ आडवा करून त्यावर ओलं गोणपाट टाकावं, आत कोरडं गवत अंथरावं आणि कूलरचा झोत भिंतीकडे वळवावा. वीज गेली तरी माठ चालू राहतो. मालिश, टाळूवर तेल आणि अंघोळ मात्र पूर्णपणे रद्द समजावी.

दुसरा आक्षेप दुधाचा, आणि तो जोरकस असतो. “एवढुसं पिल्लू, त्याले दूध तं पाजा लागते ना!” त्याला पुरावाही दिला जातो : आईला स्तनाग्रं दोनच, पिलं तीन-चार. हिशेब वरवर बिनतोड आहे. पण पिलं पाळीपाळीने पितात, कळपात दुसरी दुभती मादी असली तर तिच्याकडेही जातात, आणि लवकरच खाऊ लागल्यामुळे सारा भार दुधावर राहत नाही. ड्रॉपरने घातलेलं गाईचं दूध त्यांच्या पोटाला मानवत नाही. शिवाय ते श्वासनलिकेत गेलं की निरोगी पिलूही हातचं जातं. मग पिलाचं पोट भरतंय की नाही हे कळायचं कसं? जळगाव जामोदजवळच्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या घटमांडणीत पाऊस आणि पिकांचं भाकीत मिळतं, पण गिनीपिगाच्या वजनाचा त्यात उल्लेख नसतो. तिथे काटाच हवा, तोही ग्रॅम दाखवणारा. खामगाव चांदीसाठी नावाजलेलं गाव, तेव्हा असा काटा जिल्ह्यात दुर्मीळ म्हणता येणार नाही. जन्मतः पिलू साधारण 60 ते 100 ग्रॅमचं असतं. साठच्या खालच्यांची जगण्याची आशा कमी. पहिले दोन-तीन दिवस वजन किंचित उतरतं, मग रोज थोडं थोडं चढायला हवं. रोज एकाच वेळी वजन करून वहीत मांडावं. उतरंड चालूच राहिली तरच हाताने भरवण्याचा विषय काढावा, आणि तोही डॉक्टरांना विचारून. पिलं आईच्या लेंड्या खाताना दिसतील. किंचाळू नये, फिनेल आणू नये. गवत पचवणारे जिवाणू त्यांच्या पोटात याच मार्गाने जातात.

आता बाळंतिणीच्या आहाराकडे वळू, कारण खरं काम इथे आहे. डिंकाचे लाडू घरातल्यांनी खावेत. बाळंतिणीला हवं असतं भरपूर सुकं गवत, स्वच्छ पाणी आणि सी जीवनसत्त्व. गाय, शेळी, कुत्रं हे जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करतात. माणूस आणि गिनीपिग या बाबतीत सारखेच परावलंबी. 1907 साली नॉर्वेतले होल्स्ट आणि फ्रोलिख बेरीबेरीचा शोध घेत गिनीपिगांना नुसत्या धान्यावर ठेवत होते. निघाला तो स्कर्व्ही. “दोन मुठी ज्वारी टाकली की झालं” असं म्हणणाऱ्याला हेच उत्तर. एरवी किलोमागे रोज सुमारे 10 मिलिग्रॅम पुरतं, गाभणपणी ही गरज 30 च्या आसपास जाते. आजींच्या पोतडीतला आवळा इथे चक्क शास्त्रशुद्ध ठरतो, तेवढ्यापुरतं त्यांना खोलीत बोलवावं. आवळ्याची बारीक फोड, पेरू, ढोबळी मिरची, कोथिंबीर, सगळं धुऊन. लसूणघास एरवी बेतानेच, पण गाभण आणि दुभत्या मादीला त्यातलं कॅल्शियम उपयोगी पडतं. गोठ्यातला शहाणपणा मात्र निवडूनच आणावा. कोवळ्या ज्वारीने किराळ, म्हणजे विषबाधा, लागते हा नियम इथेही पाळावा; सरकीची ढेप मात्र गोठ्यातच राहू द्यावी, कारण तिच्यातलं गॉसिपॉल रवंथ करणारं जनावर बऱ्यापैकी निभावतं, एका साध्या पोटाचं हे जनावर निभावत नाही. फवारणी झालेल्या वावराच्या धुऱ्यावरचं गवत कितीही हिरवंगार दिसलं तरी कापू नये.

शेवटचा आक्षेप समंजस माणसाचा असतो : इतकं लांब राहायचं, तर मग आजारपणात काय? तिथे उलट धावावं. मादी कळा देते आहे आणि अर्ध्या तासात पिलू आलं नाही, किंवा व्याल्यावर तिने खाणं सोडलं, तर उद्यावर टाकू नये. विशेषतः जाड मादीला गाभणपणाच्या शेवटच्या आणि व्याल्यानंतरच्या पहिल्या दिवसांत उपासाने रक्तात विषार चढतो आणि ती बघता बघता जाते. मेडिकलमधून “माणसाचीच अर्धी गोळी” आणणं हा तर सरळ घात. अ‍ॅमॉक्सिसिलिन, अ‍ॅम्पिसिलिनसारखी पेनिसिलिन कुळातली औषधं या प्राण्याच्या आतड्यातले उपयुक्त जिवाणू मारून त्यालाच मारू शकतात. जवळचा पशुवैद्यक गाठावा, आणि त्यांनी सुचवलं तर अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था खामगावकरांना काही परदेशात नाही.

राहिले वडील. त्यांना बाळंतपणाआधीच वेगळ्या पिंजऱ्यात हलवावं. “बिचाऱ्याला लेकरं तर पाहू द्या” ही विनंती कितीही हृदयद्रावक असली तरी नाकारावी. मादी व्याल्यावर काही तासांतच पुन्हा माजावर येते आणि अंगावर पिलं असतानाच दुसरा गर्भ राहतो. बारसं बाराव्या दिवशी खुशाल करा, पण नाव ठेवण्याआधी नर की मादी हे जाणकाराकडून पाहून घ्या. एकविसाव्या दिवशी नर पिलं आईपासून आणि बहिणींपासून वेगळी करावीच लागतात, कारण त्या वयात ती बाप व्हायला तयार झालेली असतात.